बसलेला थवा बसू द्या : मुंबईतल्या पक्षी-छायाचित्रकारांना खुलं पत्र

मुंबई, ठाणे, नवी मुंबई आणि उरण परिसरात कॅमेरा घेऊन पक्ष्यांमागे फिरणाऱ्या सर्व मित्रमैत्रिणींनो,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र वनखात्याला लिहावं, पालिकेला लिहावं की सिडकोला, यावर बरेच दिवस घोळ चालला होता. त्यांना लिहिण्यासारखं पुष्कळ आहे आणि लिहिणारेही पुष्कळ आहेत. पण मला जे सांगायचंय त्यासाठी ना निविदा काढावी लागते, ना कोर्टाची पायरी चढावी लागते. ते आपल्याच हातात आहे, म्हणून तुम्हालाच लिहितेय. मागणी एकच आहे. भरतीच्या वेळी बांधावर, मिठागरात किंवा तळ्याच्या काठाला विसावलेला थवा फोटोसाठी उठवू नका. चालत अंगावर जाऊन नको, टाळ्या वाजवून नको, खडा भिरकावून नको, आणि बोटवाल्याच्या हातात नोट सरकवून तर नकोच नको.

तुमच्यातले निम्मे म्हणतील, आम्ही कुठे उठवतो? मान्य. बहुतेक जण नाही उठवत. पण थंडीतल्या रविवारी भांडुप पंपिंग स्टेशनच्या रस्त्याला, सीवूड्स-नेरुळच्या पाणथळींवर किंवा उरणच्या बाजूला कॅमेरा खांद्यावरच ठेवून अर्धा तास नुसते उभे राहा. पक्ष्यांकडे नको, माणसांकडे बघा. मग या पत्राची गरज का पडली ते कळेल.

गेल्या थंडीत मी जे पाहिलं ते सांगते. पाणी पूर्ण भरलेलं, बांध तेवढा वर राहिलेला, आणि त्यावर चिखल्या, टिलवे, मध्येच काही कर्ल्यू सँडपायपर अशा चिखलात चरणाऱ्या छोट्या पक्ष्यांचा मिसळ थवा. सगळ्यांची तोंडं वाऱ्याकडे. लांबून बांधावर कुणी खडी ओतली असावी असं वाटत होतं. लेन्समधून पाहिलं तर एकेक टिलवा एका पायावर उभा, दुसरा पाय पोटाच्या पिसांत ओढून घेतलेला, चोच पाठीत खुपसलेली. डोळा मात्र पूर्ण मिटत नव्हता. मिटायचा, दोन क्षणांनी फट उघडायची, पुन्हा मिटायचा. शेजारच्याचा धक्का लागला की तो दुसरा पाय खाली न टेकताच, लंगडीवर, दोन उड्या मारून सरकायचा आणि पुन्हा झोपायचा. इतकी झोप आलेली असते त्यांना.

तेवढ्यात आठ-दहा जणांचा एक गट आला. पुढे त्यांचे गुरुजी. सगळ्यांना ओळीत उभं केलं, शटर किती ठेवायचं ते सांगितलं, ‘रेडी?’ विचारलं, दहा-बारा पावलं पुढे गेले आणि हात वर करून टाळी वाजवली. थवा उठला. पाण्यावरून गिरकी मारून परत बांधाकडे आला, माणसं दिसली तसा वळला, पुन्हा आला, पुन्हा वळला. कॅमेऱ्यांचा कडकडाट चालूच. शेवटी थव्यातले काही लांबच्या बांधाला टेकले, उरलेले कुठे गेले ते दिसलंच नाही. गुरुजींनी विचारलं, ‘मिळाला ना सगळ्यांना?’ दोघांना मिळाला नव्हता. म्हणून तो दुसऱ्या बांधावरचाही उठवला.

त्या गटाचं नाव मी सांगणार नाही. नावाने काही साधत नाही, आणि असे गट एक-दोन नाहीत.

आता यात एवढं काय बिघडलं, पक्षी तर उडायलाच जन्मलेत, असा प्रश्न मला त्या दिवशी तिथेच विचारला गेला. उभ्या उभ्या नीट उत्तर देता आलं नाही, ते इथे सविस्तर देते.

खाडीवरच्या या पाहुण्यांचा दिवस भरती-ओहोटीवर बेतलेला असतो. चोवीस तासांत दोन भरत्या, दोन ओहोट्या, आणि भरती ते ओहोटी सहा तासांच्या वर थोडं. पाणी ओसरलं की चिखल उघडा पडतो, आणि त्यातले कृमी, किडे, बारीक शिंपले हे त्यांचं जेवण. ओहोटी रात्री असली तर रात्रीही चरतात. पाणी चढलं की ताटच पाण्याखाली जातं. मग जिथून चारी बाजूंनी नजर जाईल अशी उघडी, कोरडी जागा शोधायची, दाटीवाटीने बसायचं, पिसं साफ करायची, खाल्लेलं पचवायचं आणि झोपायचं. हे सगळं त्या तीन-चार तासांत. पुढची ओहोटी लागली की पुन्हा कामाला. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला दर पंधरा मिनिटांनी बेल वाजवून उठवलं तर त्याचं जे होईल तेच इथे होतं. फरक एवढाच की, या पाहुण्यांचं वजन पंचवीस-तीस ग्रॅमपासून सुरू होतं आणि साठवून ठेवायला अंगात जागाच नसते. उडायला नुसतं बसण्यापेक्षा कित्येक पट ऊर्जा लागते. ती भरून काढायला खायचं म्हटलं तर त्या वेळी खायला काही नसतं, कारण पाणी भरलेलं असतं. म्हणून भरतीतलं एक उड्डाण ओहोटीतल्या एका उड्डाणाहून महाग पडतं.

आणि हे पक्षी येतात कुठून ते तुम्हाला ठाऊकच आहे. टिलवा आणि कर्ल्यू सँडपायपर येतात आर्क्टिकच्या टुंड्रातून. आपण ज्याला वर्षानुवर्षं लेसर सँड प्लोव्हर म्हणत आलो तो चिखल्या तिबेट-लडाखच्या पठारावर घरटं करतो आणि थंडीत आपल्या चिखलात उतरतो. तपकिरी डोक्याचा कुरवही (म्हणजे सीगल) तिकडच्याच उंचावरच्या तळ्यांवरचा. मार्च-एप्रिल आला की यांना परतीचं इंधन भरायचं असतं. काही जाती तर निघण्याआधी मूळ वजनाच्या जवळजवळ दुप्पट होतात. नेमका तेव्हाच कर्ल्यू सँडपायपरच्या अंगावर विटकरी रंग चढायला लागतो, चिखल्याच्या छातीवर तांबूस पट्टा येतो. आणि तो रंग टिपायला आपण मार्चमध्ये तुटून पडतो! ज्या महिन्यात त्यांना सगळ्यात कमी त्रास व्हायला हवा, त्याच महिन्यात आपली गर्दी सगळ्यात जास्त.

‘खाडी बुजवून टॉवर उभे राहतायत, मिठागरं जातायत, तिथे आमच्या एका टाळीने काय होणार?’ हा दुसरा प्रश्न. हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण तो अर्धा बरोबर आहे.

ठाणे खाडीच्या पश्चिम काठावर 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं, सुमारे 17 चौरस किलोमीटरचं. 2022 मध्ये त्याला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. दोन्ही चांगलंच झालं. पण अभयारण्यात आहे ती मुख्यतः खाडी, चिखल आणि तिवरं. म्हणजे पक्ष्यांचं स्वयंपाकघर. भरतीला विसावायच्या कितीतरी जागा त्या रेषेबाहेर आहेत. नेरुळ-सीवूड्सच्या टीएस चाणक्य ही नौकानयन संस्था, एनआरआय वसाहत आणि डीपीएस शाळा यांच्याजवळच्या पाणथळी, उरणकडे पाणजे, भेंडखळ, बेलपाडा, आणि पूर्व उपनगरांतली मिठागरं. डीपीएस तळ्याला संवर्धन राखीव करायला राज्य वन्यजीव मंडळाने 2025 मध्ये मंजुरी दिली, त्याआधी तिथे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, मरून पडल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या. मुलुंड-भांडुप-कांजूरच्या मिठागरांची सुमारे 256 एकर जमीन धारावीच्या पुनर्वसनातल्या घरांसाठी देण्याचा निर्णय सरकारने 2024 मध्ये घेतला. घरं हवीत की नकोत हा वाद इथे नको. एवढंच लक्षात घ्या की, पूर्वी एका बांधावरून उठवलेल्या थव्याला दहा दुसरे बांध होते. आता दोन-तीन राहिलेत, आणि त्या दोन-तीनवरही आपणच ट्रायपॉड लावून उभे असतो. टॉवरवाल्याने बांध नेला हे खरं. उरलेल्या बांधावरची झोप मात्र टॉवरवाला मोडत नाही.

रोहितांचंही तेच. मे 2024 मध्ये एका रात्री मुंबई विमानतळावर उतरणाऱ्या विमानावर घाटकोपरला थवा आदळून तीसहून अधिक रोहित मेले. ते त्या वेळी का उडत होते यावर तेव्हा बरीच चर्चा झाली, मी त्यात नवी भर घालत नाही. पण ऑक्टोबर 2025 मध्ये खाडीच्या पलीकडे दुसऱ्या विमानतळाचंही उद्घाटन झालंय. अशा आकाशात मोठे पक्षी विनाकारण उठवणं शहाणपणाचं नाही हे कळायला पक्षीशास्त्र लागत नाही.

बरं, मग फोटो काढायचेच नाहीत का? काढा की! मी स्वतः काढते, घरच्यांना वीट येईपर्यंत काढते. पण भरती वाचून काढा.

कोकणात आणि आपल्या कोळीवाड्यांत एक जुना हिशेब चालत आलाय. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमीला सहाच्या सुमारास, द्वादशीला नऊ, त्रयोदशीला पावणेदहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बारा. सकाळी तशीच रात्री. रोज पन्नासएक मिनिटांनी वेळ पुढे सरकते. खाडीच्या आत, भांडुप-ऐरोलीकडे, पाणी पोचायला आणखी थोडा वेळ धरायचा. मिनिटामिनिटाचा हिशेब हवा असेल तर भरतीचं वेळापत्रक मोबाइलवर मिळतंच. पण भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे एक नजर टाकून रविवार कामाचा आहे की नाही हे सांगता येतं, याची मजा काही और आहे.

याचा कॅमेऱ्याशी संबंध असा. जानेवारीत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. द्वादशी-त्रयोदशीला तेव्हा पाणी अर्धं चढलेलं असतं आणि पुढचे दोन तास चढतच राहतं. चिखलात लांबवर विखुरलेले पक्षी चरत चरत पाण्यापुढे मागे सरकतात, म्हणजे तुमच्याकडे सरकतात. तुम्ही आधी येऊन काठाला बसलेले असलात, हालचाल केली नाहीत, तर पाणटिवळा इतका जवळ येतो की, सहाशे मिलिमीटरच्या लेन्सने क्रॉपची गरजच उरत नाही. पाणी आणून देतंय ते तुम्ही चालत आणायला जाऊ नका. पौर्णिमेच्या उधाणाला सकाळी गेलात तर उलट होतं. सात वाजता पूर्ण ओहोटी, पक्षी क्षितिजावर ठिपके, आणि पाणी काठाला येईतो अकरा वाजलेले. दहानंतर चिखलावरची हवा लवलवायला लागते, कितीही महागडी काच लावा, डोळा काही शार्प येत नाही. मग माणूस वैतागतो, चिखलात उतरतो, आणि नको ते करतो. निम्मी उठवाउठव या वैतागातून होते असं माझं मत आहे.

दिशाही बघा. शिवडी आणि भांडुप खाडीच्या पश्चिम काठाला, तिथे सकाळी सूर्य थेट समोर. सिलुएट हवे असतील तर ठीक, नाहीतर तिथे दुपार-संध्याकाळची भरती गाठायची, म्हणजे षष्ठी-सप्तमीच्या आसपासची. ते भांगाचं पाणी, फार चढत नाही, त्यामुळे पक्षी थोडे लांब राहतात. पण ऊन पाठीमागून, तिरपं आणि मऊ असतं. ऐरोली-नेरुळचा काठ पूर्वेचा, तिथे सकाळ आपली. अटल सेतूमुळे शिवडीची फ्रेम पूर्वीसारखी मोकळी राहिली नाही ही तक्रार मी रोज ऐकते. मला विचाराल तर पुलाचे खांब आणि पुढे छोटे रोहित हीच आजच्या मुंबईची खरी फ्रेम आहे. पूल लपवायला कोन शोधत बसू नका.

मग भरती पूर्ण झाली, थवा बांधावर बसला, की आपलं काम बदलतं. आता लांबूनच. त्यांची डोकी पिसांत आहेत तोवर सगळं ठीक. चोची बाहेर आल्या, माना उंच झाल्या की आपण जरा जास्तच जवळ आलोय. कुणी पंख ताणायला लागला, कडेचे पक्षी चालायला लागले, की ते उठायच्या बेतात आहेत. तिथून उभे राहून धावत मागे फिरू नका, वाकून हळूहळू मागे सरका. रस्ता असेल तर गाडीतच बसा आणि काच खाली करा. उभ्या माणसाला घाबरतात तितके ते गाडीला घाबरत नाहीत.

उडणारा थवा हवाच असेल तर थांबा. थवा स्वतःहून उडतोच. बहिरी ससाणा आला की उडतो, दलदली भोवत्या वरून तरंगत गेला की उडतो, पाणी बांधावर चढलं की उडतो, ओहोटी लागल्यावर चिखलाकडे जायला तर उडावंच लागतं. आणि ही उड्डाणं तुमच्याकडे तोंड करून किंवा आडवी असतात. टाळीने उठवलेला थवा कायम पाठ फिरवून पळतो. ढिगाने काढलेल्या त्या ‘फ्लाइट शॉट’मध्ये शेपट्यांखेरीज असतं काय? ससाण्याने हेरलेला थवा ज्या तऱ्हेने एका क्षणात चांदी-काळा-चांदी असा पालटतो, ते दृश्य कुठल्याही गुरुजींच्या टाळीने घडत नाही. त्यासाठी तीन रविवार रिकाम्या हाती परतावं लागतं. परता.

बसलेल्या पक्ष्याचा आणखी एक उपयोग आहे, जो आपल्यापैकी फार थोडे करतात. बीएनएचएस, म्हणजे 1883 पासूनची आपली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, किनारी पक्ष्यांच्या पायात कडी आणि रंगीत फ्लॅग घालते. फ्लॅगवर अक्षरं-आकडे असतात. ते वाचता आले तर तो पक्षी कुठे पकडला होता, किती वर्षांचा झाला, परत त्याच खाडीत आला का, हे सगळं उलगडतं. आता सांगा, एका पायावर उभा राहून झोपलेला चिखल्या सहाशेच्या लेन्समध्ये निवांत भरलाय, दहा मिनिटांनी त्याने पाय बदलला आणि फ्लॅग दिसला, हा फोटो मोठा, की हजार शेपट्यांचा? तारीख-ठिकाण घालून तो सोसायटीला पाठवा. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, 1987 पासून चाललीये. गणनेच्या दिवशी बांधावरचा थवा उठवला की मोजणाऱ्याचा आकडा गेला, किंवा तोच थवा शेजारच्या तळ्यावर दुसऱ्यांदा मोजला गेला. निदान त्या दिवशी तरी शेजारी दुर्बीण-वही घेऊन बसलेल्या माणसाला विचारून हला.

जाता जाता कुरवांचं. गेटवेहून एलिफंटाला, मांडव्याला जाणाऱ्या बोटींमागे थंडीत कुरवांची झुंबड असते आणि पुड्यांतून गाठ्या-शेव उडत असते. पर्यटकांचं मी समजू शकते. पण हातात चांगला कॅमेरा असलेली माणसं मित्राला ‘टाक, टाक, जवळून टाक’ म्हणून सांगतात तेव्हा तिडीक येते. तेलातलं, मिठातलं बेसन हे मासे-किडे खाणाऱ्या पक्ष्याचं अन्न नाही. दादरच्या कबुतरखान्यावरून 2025 मध्ये शहरात जे रणकंदन झालं ते बघूनही पक्ष्यांना खायला घालणं म्हणजे पुण्यच, असं आपण कॅमेरावाल्यांनी तरी म्हणू नये. बोटीमागे कुरव तसेही येतात. पंख्याने घुसळलेल्या पाण्यात त्यांना मासळी मिळते.

मोबाइलवर हाक वाजवून पक्षी बोलावणं, घुबडाची ढोली लोकेशनसकट टाकणं, यावर पूर्वीच पुष्कळ लिहून झालंय, तेच पुन्हा उगाळत नाही. पिंगळ्यांचा आणि घारींचा घरट्याचा हंगाम थंडी सरतानाच असतो, तेवढं ध्यानात ठेवा.

कायद्याचंही एका वाक्यात. वन्यजीव संरक्षण कायदा 1972, कलम 27: अभयारण्यात वन्यप्राण्याला छेडणं, त्रास देणं याला मनाई आहे, आणि पक्षी त्यात आलेच. पण कायद्याच्या धाकाने कुणी झोपलेल्या टिलव्याकडे आदराने बघायला लागेल यावर माझा फारसा विश्वास नाही, म्हणून हे शेवटाकडे लिहिलं.

आता तीन जणांना थेट.

बोटसफारी चालवणाऱ्या दादांनो, खाडी तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त कळते. कोणता थवा चरतोय आणि कोणता विसावलाय हे तुम्ही लांबून ओळखता, मी ते तुमच्याच शेजारी बसून शिकले. गिऱ्हाइकाने ‘जरा उडवा ना’ म्हटलं की ‘आमच्याकडे उडवत नाहीत’ असं सरळ सांगा. इंजिन लांबूनच मंद करा. वरून मिळणारी बक्षिशी बुडेल, तेव्हा आमच्यातल्यांनी ती न उडवल्याबद्दल द्यावी, हे मी इथे सगळ्यांसमोर लिहून ठेवते.

ग्रुप आणि स्पर्धा चालवणाऱ्यांनो, उठलेल्या थव्याच्या फोटोखाली एक प्रश्न विचारायची पद्धत पाडा: थवा कशाने उठला? उत्तर आलं नाही तर फोटो मागे. परीक्षकांना पाठमोरा थवा ओळखता येतो, ओळखता येत नसेल तर त्यांनी परीक्षक होऊ नये.

आणि कार्यशाळा घेणाऱ्या गुरुजनांनो, सगळ्यात जास्त तुम्हाला. नवा मुलगा किंवा मुलगी पहिल्या दिवशी जे बघते तेच पुढची वीस वर्षं करते. 5 ते 12 नोव्हेंबरचा पक्षी सप्ताह आला, मारुती चितमपल्ली आणि सलीम अलींच्या जन्मदिवसांमधला, की तुमची पोस्टर झळकायला लागतात. त्यांत हल्ली ‘फ्लाइट शॉट गॅरंटीड’ अशी एक ओळ असते. खाडीवर गॅरंटी द्यायची तर त्यामागे टाळी आलीच, हे तुम्हालाही माहीत आहे. ती ओळ काढा. त्या जागी भरतीची वेळ छापा. येत्या मोसमात ज्यांच्या पोस्टरवर ती ओळ नसेल त्यांची नावं मी ओळखीतल्या प्रत्येक नवशिक्याला सुचवेन, फी जास्त असली तरी. फारच जास्त असली तर मात्र आधी घासाघीस करेन.

उत्तराची वाट बघतेय. पटलं नसेल तर का नाही पटलं तेही लिहा.

कळावे, लोभ असावा.

तुमच्यातलीच,
एक मुलुंडकर